सात वाक्प्रचारांचा निरोप

ऑक्टोबर लागला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. एकीकडे सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे, दुसरीकडे गावाहून भावाचा फोन, भात पिकलंय, माणसं मिळत नाहीत, येतेस का. पनवेलच्या ज्युनिअर कॉलेजात वीसेक वर्षं इंग्रजी शिकवणारी बाई विळा हातात घेऊन काय दिवे लावणार, हे त्यालाही माहीत आहे. तरी तो विचारतो आणि तरी मी जाते. दोन दिवस बांधावर बसते, कापलेल्या भाताचा ओलसर वास नाकात भरून घेते, आणि येताना साडीच्या काठाला कुसं चिकटवून परत येते. पेपर तसेच राहतात.

यंदा ते सोबतच नेले. पडवीत सतरंजी टाकून तपासायला बसले. वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, हा माझा लाडका प्रश्न. 'कोल्ड फीट' दिला होता. ऐन वेळी धीर सुटणं, कच खाणं. एका मुलीने लिहिलं होतं की कापणीच्या दिवसांत सकाळी माझ्या आईला कोल्ड फीट होतात, कारण शेतात दव असतं. मी लाल पेन टेकवलं आणि तिथेच थांबले. गुण द्यायचा की कापायचा, मला ठरवता येईना. चूक तर चूकच आहे. पण समोर माझी वहिनी खरोखरच दवातून पाय गारठवून येत होती आणि विस्तवापाशी उकिडवी बसत होती. मी पेन बंद केलं. मग बसल्या बसल्या मला बारावीतला ऑक्टोबर आठवला, आणि त्यात एकदा शिरले की मी लवकर बाहेर येत नाही.

तो ऑक्टोबर नव्वदीच्या अखेरीचा. आमचं गाव उमरठच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. तिथे दहावीपर्यंतची शाळा. पुढे शिकायचं तर महाड. म्हणून मी मामाकडे राहायची. मामाचं घर मोहल्ल्याच्या अगदी तोंडाशी, आणि पलीकडची भिंत नसरीनच्या घराची. नसरीन माझ्याच वर्गात. आम्ही दोघी एकाच बाकावर, एकाच छत्रीत, आणि इंग्रजीच्या बाबतीत एकाच अंधारात.

तिचा थोरला भाऊ यासीनभाई सौदीत दमामला ट्रक चालवायचा. त्यांच्या घरी पत्रापेक्षा कॅसेटचा रिवाज मोठा होता. तिकडून कोणी रजेवर आलं की त्याच्या बॅगेतून कॅसेट यायची, त्यात यासीनभाई बोललेला असायचा. मग सगळं घर टेपभोवती बसायचं. अम्मी टेप लावण्याआधी डोक्यावरची ओढणी सारखी करून घ्यायची, जणू तो समोर येऊन बसणार आहे. अब्बा मध्येमध्ये टेपला हो, हो म्हणायचे. शेजारपाजारचे यायचे, मीही भिंतीपलीकडून यायची. दोन-चार दिवस पारायणं झाली की त्याच कॅसेटवर, त्याच्याच आवाजावरून, घरच्यांचं उत्तर भरायचं आणि जाणाऱ्या माणसाबरोबर परत पाठवायची. म्हणजे उत्तर द्यायचं तर त्याचा आवाज पुसायचा. दर वेळी लाल बटण दाबायच्या आधी अम्मी म्हणायची, ही राहू द्या ना, दुसऱ्या कॅसेटवर भरा. आणि दर वेळी अब्बा म्हणायचे, अगो, नवा आवाज येलच की. तिला ते पटायचं नाही.

या तीन-चार फिरत्या कॅसेटी मुळात इंग्रजी गाण्यांच्या होत्या. यासीनभाईच्या शेजारच्या खोलीत एक फिलिपिनो होता, त्याला या गाण्यांचं वेड. जुनी झालेली कॅसेट तो यासीनभाईला देऊन टाकायचा. पाठीमागच्या खाचेला चिकटपट्टी लावली की तिच्यावर भरता येतं. त्यामुळे व्हायचं काय, की आधी दोन-तीन गाणी दणदणीत वाजायची, गिटार किंचाळायची, ढोलकऱ्याच्या अंगात यायचं, गाणारा बाप्या गळ्याच्या शिरा ताणून काहीतरी निकराचं सांगू लागायचा, आणि ऐन वाक्यात खट्कन आवाज होऊन यासीनभाई म्हणायचा, "अब्बा, अम्मी, सलाम. मी बरा हाय." त्या बाप्याचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

घरच्यांना त्या गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. अब्बा म्हणायचे, पुढं घे, पुढं घे, हा मानूस का बोंबलतो सारखा. पण आम्हा दोघींना त्याचंच याड लागलं. ऐकून झालेली कॅसेट उत्तर भरेपर्यंत आमच्या ताब्यात असायची. दुपारी त्यांच्या माळ्यावर आवाज बारीक करून बसायचो. एक ओळ ऐकायची, थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची. हळूहळू शब्द कळू लागले. सोपे शब्द होते सगळे, पाय, भिंत, दोर, आग, बर्फ. शब्द कळले आणि मग खरा घोटाळा सुरू झाला, कारण शब्द कळूनही माणूस काय म्हणतोय ते कळेना. मामाच्या कपाटातल्या जाडजूड शब्दकोशात शोधून शोधून आम्हाला थोडा थोडा उलगडा व्हायला लागला. मग दोनशेपानी वही केली.

वहीत आम्ही वाक्प्रचारांच्या जाती पाडल्या. अंगाचे, म्हणजे पाय, पाठ, दात, काळीज. हवापाण्याचे, म्हणजे वादळ, ढग, बर्फ. आगीचे. रस्त्याचे, हे फार होते. आणि शेवटी नसरीनने एक खास जात काढली, भाईने तोडलेले. म्हणजे ज्यांचं डोकं गाण्यात राहिलं आणि धडावर यासीनभाई बसला.

अर्थ लिहिताना तर धमाल. पातळ बर्फावर उभं असणं म्हणजे धोक्यात असणं. आम्ही बर्फ पाहिलेला तो मासळीबाजारातला, भुशात गुंडाळलेला. त्यावर कोण कशाला उभं राहील? पाठ भिंतीला लागणं म्हणजे मागे सरायला जागा न उरणं. दोराच्या टोकाशी येणं म्हणजे सहनशक्ती संपणं. पूल जाळणं म्हणजे परतीची वाट स्वतःच बंद करणं. नसरीनने भाबडेपणाने विचारलं होतं, दगडाचा पूल जळतो कसा? महाडच्या पोरीला पूल म्हटल्यावर दगडी कमानी दिसणार, आणि खालून सावित्री गढूळ वाहणार. इंग्रजीत नवव्या ढगावर बसलेला माणूस आनंदात असतो आणि आमच्या नाकी नऊ आले की आम्ही मेटाकुटीला येतो. नऊ आकड्याने दोन भाषांत असं वेगळं वागावं याचा आम्हाला खरोखर राग आला होता.

मग आम्ही आमच्याच बोलण्याकडे बघायला लागलो आणि आणखीनच गोंधळलो. माझी मामी म्हणायची, पोरं घरी आली की जीव भांड्यात पडतो. कुठल्या भांड्यात? अम्मी म्हणायची, माझे हातपाय गळाले. हे आम्ही रोज ऐकत होतो आणि कधी अडखळलो नव्हतो. त्या गोऱ्यांना आमची वही दिली असती तर त्यांनीही डोकं धरलं असतं. इंग्रजीच्या सरांना विचारलं, तर त्यांनी वही चाळली, हे सगळं कुठून आणलंत म्हणाले, आणि पेपरात येणार नाही ते सोडून द्या असा सल्ला दिला.

वही अर्धी भरल्यावर माझ्या लक्षात आलं की आम्ही जाती चुकीच्या पाडल्यात. पाय असो की पूल, या बहुतेक गाण्यांतल्या माणसाला एकच गोष्ट सांगायची असते. मी चाललो, किंवा मला जाऊ दे, किंवा तू जाऊ नकोस. एवढंच. पण ते कोणीही सरळ सांगत नाही. घसा फाटेस्तोवर ओरडतात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, आणि बोलतात मात्र आडून. हे काय गौडबंगाल आहे ते मला त्या वेळी उमगलं नाही. आज मुलांना शिकवताना मी फळ्यावर जाती लिहिते, अलंकारिक अर्थ वगैरे सांगते, आणि आत कुठेतरी तीच सतरा वर्षांची मुलगी बसलेली असते, तिला अजून पटलेलं नाही.

त्या वर्षी भादव्यात नसरीनचं लग्न ठरवायला घेतलं. मुलगा म्हसळ्याकडचा, कपड्याचं दुकान, घर चांगलं, कोणाला नाव ठेवायला जागा नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मंगनी, उन्हाळ्यात निकाह. बारावीची परीक्षा देऊ देतो म्हणाले होते, तेवढी मोठी मेहरबानी. पुढचं कॉलेज मात्र नाही. नसरीनला कॉलेजात जायचं होतं. तिला इंग्रजी घेऊन बी. ए. करायचं होतं आणि हे तिने माझ्याशिवाय कोणालाही सांगितलं नव्हतं. मुलगा तिला नापसंत होता असंही नाही, तिने त्याला नीट पाहिलंही नव्हतं. तिला थोडा वेळ हवा होता. आणि घरात अब्बांचा शब्द फिरवू शकेल असा एकच माणूस होता, तो दमामला ट्रक चालवत होता.

त्याला कळवायचं कसं? पत्र अब्बा लिहायचे, अब्बाच पेटीत टाकायचे. फोन करायचा तर मेन रोडच्या बूथवर सगळं घर मिळून जायचं आणि बूथवाला कान देऊन बसायचा. राहिली कॅसेट. तीही सगळ्यांसमोर भरायची. दासगावचे एक गृहस्थ आठवड्याभरात परत निघणार होते, त्यांच्याबरोबर उत्तर जायचं होतं. तेव्हा नसरीनला ती युक्ती सुचली. म्हणाली, मी इंग्रजीत बोलते. घरात इंग्रजी कोणाला येतंय? भाई तिकडं त्या फिलिपिनोशी इंग्रजीच बोलतो.

लिहून द्यायचं काम माझं. मी हुशार ना! नसरीनने सुरुवातीला साधंच सांगितलं होतं, मला आता लग्न नको, मला शिकायचंय, असं लिही. मी म्हटलं, वेडी आहेस का, मॅरेज म्हटलंस तर अब्बांना लगेच कळेल. कॉलेज म्हटलंस तरी कळेल. स्टडीसुद्धा नको. हे खरंच होतं. पण तेवढंच खरं होतं का? आता विचार करते तर वाटतं, मला माझी वही मिरवायची होती. बसल्या बैठकीला मी सात वाक्प्रचार ओवले. भाऊ, माझी पाठ भिंतीला लागली आहे. मी पातळ बर्फावर उभी आहे. माझे पाय गार पडले आहेत. घड्याळ टिकटिकतंय. मी माझ्या दोराच्या टोकाशी आले आहे. त्यांना माझे पूल जाळू देऊ नकोस. ओळींच्या मधलं वाच. वाचून मलाच केवढं भारी वाटलं. नसरीनने विचारलं, यात लग्न कुठाय? मी म्हटलं, तेच तर, तो ओळखेल, तो गाणी ऐकतो.

रविवारी सकाळी टेप मांडला. नाते गावाहून त्यांचे कोणी पाहुणे आले होते, तेही बसले. आधी अब्बा बोलले. पाऊस बरा झाला, पाणी यंदा बाजारात आलं पण घरात शिरलं नाही, तुझ्या बहिणीचं जमतंय, अल्लाच्या मेहरबानीने घर चांगलं हाय. मग अम्मी. ती दर वेळी दोन वाक्यं बोलून रडायची, मग टेप थांबवावा लागायचा. मग अब्बांनी मलाही पुढे ढकललं, बाय, तू पण बोल. मी म्हटलं, यासीनभाई, गाणी छान आहेत. आणि मग नसरीन.

अब्बांनीच अभिमानाने सांगितलं, इंग्रजीत बोल, त्याला कळू दे आपली पोरगी काय शिकते ती. नसरीन मांडी घालून बसली, हात मांडीखाली दाबून धरले, आणि एका दमात सातही वाक्यं म्हणाली. शाळेत कविता म्हणतात तशी, खाली बघून. अब्बा डोळे मिटून मान डोलवत होते. मध्येच डोळे उघडून पाहुण्यांकडे बघत होते, ऐका, अशा नजरेने. तिचं संपलं तेव्हा ते वा म्हणाले. ज्या माणसाच्या शब्दातून सुटायची ती धडपड करत होती, तोच तिला शाबासकी देत होता.  मी उठून पाणी प्यायला गेले.

कॅसेट गेली. मग नुसती वाट बघणं. सहामाही जवळ आली होती, मी रोज पुस्तक उघडून बसायची आणि एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. परीक्षा झाली की मी गावी कापणीला जाणार होते. एके दिवशी नसरीनने सांगितलं, वाण्याच्या दुकानात भाईचा फोन आला होता. अब्बांना बोलावून नेलं. भाईने विचारलं, घरी काय झालंय? अब्बा म्हणाले, काय नाय, सगळं बरं हाय. पुन्हा विचारलं, खरं सांगा. अब्बा म्हणाले, अरे सगळं बरं हाय. फोन ठेवला. नसरीन म्हणाली, त्याने मला बोलवायला पाहिजे होतं. मी म्हटलं, कळलं असेल त्याला, म्हणून तर फोन केला. 

शेवटच्या पेपराच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी घरी आलो तर मोहल्ल्याच्या तोंडाशी माणसं जमलेली. यासीनभाई रिक्षातून उतरला होता. आमच्याकडे आखातातून माणूस येतो तो अर्ध्या गावाला कळवून येतो. दोरीने बांधलेले खोके, ब्लँकेटं, अत्तरं, पोरांना चॉकलेटं. हा आला तो एक हातातली पिशवी घेऊन. अम्मीला बघताक्षणी त्याने विचारलं, कोन आजारी हाय? अम्मी म्हणाली, कोन नाय रे. मग त्याने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, मोजल्यासारखं. नसरीनला बघून तो उंबऱ्यातच खाली बसला.

पुढचं मला त्याच्याकडून आणि नसरीनकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. आम्ही समजत होतो की कॅसेट यासीनभाई एकटा ऐकतो. छे. तिकडे एका खोलीत महाड-दासगावकडचे पाच जण राहायचे, आणि कोणाचीही कॅसेट आली की सगळे मिळून ऐकायचे. सुट्टीच्या दिवशी, जेवून झाल्यावर. घरच्या आवाजाला सगळेच भुकेलेले. इकडे आम्ही जसे टेपभोवती बसायचो तसेच तिकडे ते बसायचे, आणि या गोष्टीचा आम्हाला कधी संशयही आला नव्हता. नसरीनचं इंग्रजी सुरू झालं तसं आधी सगळे खूश झाले. मग त्यांनी ते पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. एक जण म्हणाला, भिंत पडली असनार, पुरात. दुसरा म्हणाला, पाय गार म्हनजे आजार हाय. दोराचं ऐकल्यावर तर सगळ्यांना गळफासच दिसला. फिलिपिनोला उठवून आणलं. त्याने सातही वाक्यांचा अर्थ नीट सांगितला, म्हणजे मुलगी संकटात आहे, घाबरली आहे, वेळ थोडा आहे. कसलं संकट, ते मात्र त्यालाही सांगता येईना. कुठून येणार? ते आम्ही घातलंच नव्हतं, आणि अब्बांनी लग्न जमत असल्याचं इतक्या आनंदाने सांगितलं होतं की संकट तिथे असेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

आणि मग तो फोन. आमच्याकडे फोनवर वाईट बातमी कोणी सांगत नाही. घरात मयत पडलेलं असलं तरी परदेशातल्या माणसाला सगळं बरं आहे असंच सांगतात. यासीनभाईला हे माहीत होतं. अब्बांनी दोनदा सगळं बरं हाय म्हटलं आणि तो उठला. मालकाकडे रजा मागितली, मालक नाही म्हणाला. हट्टच धरला, तेव्हा मालकाने पासपोर्ट समोर टाकला आणि कायमची निघायची चिठ्ठी दिली. फायनल एक्झिट म्हणतात तिकडे. म्हणजे गेलास तर परत यायचं नाही. तो निघाला.

हे सगळं त्याने मागच्या दारी विहिरीच्या कठड्यावर बसून नसरीनला सांगितलं. मी जरा लांब उभी होते, जावं की थांबावं ते कळत नव्हतं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आता सरळ बोल. काय झालं?"

नसरीन म्हणाली, "मला इतक्यात लग्न नाय करायचं, भाई. मला कॉलेजात जायचं हाय."

 तो म्हणाला, "एवढंच?"

ती रडायला लागली. मग तो म्हणाला, मराठीत सांगायचं होतंस ना. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मराठीत सगळ्यांना कळलं असतं."

यासीनभाई रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो उठून आत गेला. त्याने अब्बांना काय सांगितलं ते आम्हाला नीट कळलं नाही, पण मंगनी पुढे ढकलली, आणि पुढे ढकलता ढकलता म्हसळ्याच्या लोकांनी दुसरीकडे जमवलं. नसरीन जूनमध्ये महाडच्या कॉलेजात गेली. बी. ए. झाली. नंतर लग्न केलं, तेही घरच्यांनीच जमवलेलं. आता मुंब्र्याला शाळेत शिकवते. फोनवर बोलतो आम्ही, ईद-दिवाळीला हमखास. त्या कॅसेटबद्दल आम्ही कधीच बोलत नाही.

यासीनभाई परत आखातात गेला नाही. दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. महाड-पोलादपूर लाइनवर टेम्पो चालवू लागला. आणि अब्बांना त्याने कधीही सांगितलं नाही की तो का आला. म्हणाला, मालकाशी भांडण झालं. अब्बांनी ते मनाला फार लावून घेतलं. दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचे, पोराला जमलं नाय, डोक्याने गरम हाय. तो आत बसून ऐकायचा. दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले, तोवर त्यांचं हेच मत होतं.

मी या सगळ्याचं काय करायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या सात वाक्यांनी नसरीनचं कॉलेज झालं, असं कधी वाटतं. माझ्या सात वाक्यांनी एका माणसाची उमेदीची वर्षं गेली आणि बापाच्या तोंडून त्याची बेअब्रू झाली, असंही वाटतं. एकाच ऑक्टोबरात दोन्ही झालं. साधं लिहिलं असतं तर? मॅरेज हा एक शब्द घातला असता तर? त्याने तिथूनच कॅसेटवर अब्बांना समजावलं असतं, नोकरीही राहिली असती. की नसतं समजावलं? की कॅसेटवरचं ऐकून अब्बांनी हो, हो म्हटलं असतं आणि मंगनी केली असती? मी वर्गात शिकवते की वाक्प्रचाराने भाषेला सौंदर्य येतं, आणि शिकवताना माझी जीभ चाचरते. मुलं मोबाइलवर तसलीच गाणी ऐकत असतात, कधी येऊन विचारतात, मॅम, याचा अर्थ काय? मी सांगते. आणि नकळत म्हणून जाते, पण बाळांनो, स्वतःचं काही सांगायचं असेल तर सरळ सांगा. ती चमकून बघतात.

यंदा गावाहून परतताना मी महाडला उतरले. दुपारची वेळ होती. मोहल्ल्यात गेले. मामाचं घर आता दुसऱ्याचं आहे, नसरीनच्या घरात यासीनभाई आणि त्याची बायको राहतात. तो दारात खुर्ची टाकून बसला होता, केस पांढरे, टेम्पो आता मुलगा चालवतो. बाय, ये, म्हणाला. भाताची चौकशी केली, चहा झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मला राहवेना. इतकी वर्षं जी गोष्ट सांगायची राहिली होती ती मी त्याला सांगितली, की ते इंग्रजी मी लिहिलं होतं, नसरीनने नाही. तिला साधंच बोलायचं होतं. मीच नको म्हटलं. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली.

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, माहीत हाय. तिने तेव्हाच सांगितलं होतं.

मी विचारलं, मग त्या सात वाक्यांतलं तुम्हाला नक्की काय कळलं होतं?

यासीनभाई म्हणाला, "काय पन नाय कळलं. कळलं असतं तर कॅसेट भरून पाठवली असती. नाय कळलं, म्हनून तर आलो."